वाडा, चाळ, फ्लॅट : म्हाताऱ्या माणसाच्या घराचा इतिहास

महाराष्ट्रातल्या जुन्या घरात म्हाताऱ्या माणसासाठी म्हणून वेगळी सोय क्वचितच केलेली असे. तरी त्याला धरायला जागोजागी काहीतरी सापडे : सोप्यातला लाकडी खांब, दाराची जाड चौकट, हाताच्या उंचीवरचा कोनाडा, भिंतीत पक्की ठोकलेली खुंटी. हाक मारली तर ऐकणारे कोणीतरी घरात असेच. आजच्या फ्लॅटमध्ये अंधारा जिना नाही, रात्री परसात जावे लागत नाही, बटण दाबले की उजेड पडतो. पण सपाट गिलाव्याच्या भिंतीवर टेकलेला हात घसरतो आणि बंद दाराबाहेर हाक जात नाही. इथले घर जसे बदलत गेले, तसे म्हातारपणातले धोकेही बदलले. एकट्याने राहणाऱ्या वृद्धांसाठी घर सुरक्षित करण्याची जी धडपड अलीकडे दिसते, तिचा मोठा भाग जुन्या घरात न मागता मिळणाऱ्या दोन गोष्टी परत मिळवण्याचा आहे : हाताला आधार आणि लक्ष ठेवणारे माणूस.

पेशवाईतल्या आणि त्यानंतरच्या वाड्यांमधली सर्वांत अवघड जागा म्हणजे जिना. जागा वाचावी आणि घराचे रक्षणही व्हावे म्हणून तो पुष्कळदा जाड भिंतीच्या पोटातच काढत. रुंदी एका माणसापुरती, पायऱ्या उंच, पाऊल पुरते मावणार नाही इतक्या अरुंद, आणि वरच्या तोंडाला झडप. उजेड जवळजवळ नाहीच. राहत्या घरातल्या पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल ठेवायची जागा किमान २५० मिलिमीटर असावी, असे आजची राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. वाड्यांतल्या कितीतरी पायऱ्या या दोन्ही मापांत बसत नाहीत. या जिन्यावरचा उपाय म्हणजे दोर. वरच्या तुळईला किंवा लोखंडी कडीला बांधलेला जाड दोर जिन्यातून खाली सोडलेला असे. तो मुठीत धरून चढणारा स्वतःला वर ओढून घेई आणि उतरताना त्याच्यावर भार टाकून पाय खाली सोडी. पिढ्यानपिढ्यांच्या हातांनी दोर काळा आणि तुळतुळीत होई. तो म्हाताऱ्यांसाठी म्हणून बांधलेला नव्हता, पण त्याची खरी गरज त्यांनाच होती. गुडघे थकले की वरचा मजला सुटत असे. मग म्हातारा ओटीवर किंवा पडवीत आणि म्हातारी माजघरात, अशी अंथरुणे तळमजल्यावर येत. घराचे वरचे अर्धे अंग असे कायमचे सोडून देणे हा त्या काळातला सर्वांत साधा आणि सर्वांत परिणामकारक सुरक्षेचा उपाय होता.

त्या घरातले जगणे जमिनीलगतचे होते. जेवण पाटावर, झोप जमिनीवरच्या अंथरुणात, स्वयंपाक चुलीपुढे बसून. अंथरुणातून खाली पडण्याची भीती नसे. कष्ट असत ते उठण्याचे, आणि त्यासाठी खांब किंवा भिंतीचा कोपरा जवळ लागे. शेणाने सारवलेली जमीन वाळल्यावर पायाला पकड देई. नव्याने सारवलेली ओली जमीन मात्र निसरडी असे, म्हणून ती वाळेपर्यंत तिच्यावर कोणी फिरकू नये असा दंडक असे. कोकणात पावसाचे पाणी दूर राहावे म्हणून जोते उंच बांधत, त्यामुळे अंगणातून ओटीवर यायला चिऱ्याच्या चार-पाच पायऱ्या चढाव्या लागत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरे. ते खरवडून काढणे आणि वर चुना टाकणे ही कोकणातल्या घरांची ठरलेली कामे होती आणि अनेक ठिकाणी अजून आहेत.

सगळ्यांत जास्त धोका घराच्या मागच्या बाजूला होता. न्हाणीघरातला मोठा दगड, त्याच्याभोवतीचा सततचा ओलावा, शेजारी तापलेला तांब्याचा बंब. लोक पाटावर किंवा चौरंगावर बसून अंघोळ करत, ही सवय म्हाताऱ्यांच्या पथ्यावर पडणारी होती. ओल्या जागी उभे राहून तोल सांभाळण्याची वेळच येत नसे. शौचकूप त्याहून लांब, परसाच्या टोकाला. रात्री जायचे तर हातात कंदील, पावसात डोक्यावर इरले, आणि मोतीबिंदूने धूसर झालेल्या डोळ्यांना वाटेतला दगड दिसण्याची शक्यता कमीच. शहरांत टोपलीचे संडास होते. म्हाताऱ्या माणसाला घराजवळ मिळालेली ही सोय दुसऱ्या माणसाने डोक्यावरून मैला वाहण्यावर उभी होती, हे या इतिहासातून वगळता येणार नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून साध्या, स्वच्छ संडासांचा जो प्रसार केला, त्याचा मूळ हेतू भंगीमुक्ती आणि खत हा होता. घराजवळ, स्वतःला झेपेल असा संडास मिळाल्याचा लाभ म्हाताऱ्यांनाही झाला.

एकत्र कुटुंबात सगळ्या वृद्धांची सारखी काळजी घेतली जाई असेही नाही. कर्त्या पुरुषाच्या आईची जागा घरात पक्की असे. विधवा आत्या, काकू, सोवळ्यातल्या आजी यांच्या वाट्याला मात्र उतारवयातही विहिरीचे पाणी, ओलेत्याने केलेला स्वयंपाक आणि अंधारे स्वयंपाकघर येई. कोणीतरी पाहत असे, पण पाहणारे प्रत्येक वेळी हात देतच असे नाही.

मुंबईने घराचा वेगळाच नमुना घडवला. १८९६ साली प्लेगची साथ आली. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधायला सुरुवात केली. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या त्याच्या २०७ चाळी बीडीडी याच नावाने आजवर ओळखल्या जातात. तळमजला अधिक तीन मजले, मधून जाणारा बोळ, दोन्ही बाजूंना एकेका खोलीचे संसार, मजल्यावर सामाईक संडास. या चाळी तरण्या कामगारांसाठी होत्या. कित्येकांची बायकामुले गावी असत आणि गिरणीतली नोकरी संपली की म्हातारपण गावीच काढायचे, असा हिशेब असे. म्हणून चाळीत म्हाताऱ्या माणसाचा विचार झाला नाही, हे समजण्यासारखे आहे. पण माणसे मुंबईतच राहिली आणि तिथेच म्हातारी झाली.

चाळीतल्या खोलीतली मोरी हा चार-सहा इंच कठड्याने वेगळा केलेला ओला कोपरा. अंघोळ, भांडी, कपडे सगळे तिथेच. कठडा ओलांडताना एक पाय कोरड्यावर आणि एक ओल्यावर असतो, आणि तोल जायचा तर तिथेच जातो. संडासासाठी बोळाच्या किंवा गॅलरीच्या टोकाला जायचे, रांगेत उभे राहायचे, आत उकिडवे बसायचे, आणि उठताना धरायला दाराच्या कडीशिवाय काही नाही. तरीही चाळीत एकट्या म्हातारीला भीती कमी वाटे. दारे दिवसभर उघडी, गॅलरी सामाईक. सकाळी एखादे दार उघडले नाही तर अर्ध्या तासात चार जण जमत. ही राखण कोणी ठरवून केलेली नव्हती, ती गॅलरीच्या रचनेतून आली होती. आजच्या कोणत्याही यंत्राने ती पुरती भरून काढलेली नाही.

पुढे भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण भाडी गोठल्यामुळे मालकांनी डागडुजी सोडून दिली. गिरगाव, परळ, पुण्याच्या पेठा, सगळीकडे टेकू लावलेले सज्जे आणि डुगडुगणारे लाकडी जिने दिसू लागले. भाडे इतके कमी की घर सोडवत नाही आणि जिना इतका मोडका की उतरवत नाही, अशा पेचात कितीतरी वृद्ध भाडेकरू अडकले. मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा करावा लागला. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांमधले वाडे एका दिवसात पाडले आणि हजारो कुटुंबे शहराबाहेरच्या नव्या वसाहतींकडे गेली. याच सुमारास सहकारी संस्थांचा १९६० चा आणि मालकी हक्काच्या सदनिकांचा १९६३ चा कायदा झाला. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचे नवे घर आता फ्लॅट होते.

या काळात गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आणि लहान सहकारी सोसायट्या बांधल्या गेल्या त्या बहुतांश तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या. लिफ्ट परवडत नव्हती आणि तेवढ्या उंचीला ती सक्तीचीही नव्हती. फ्लॅट घेणारे तिशी-पस्तिशीतले. चौथा मजला स्वस्त पडे, वारा चांगला येई, गच्ची जवळ. चाळीस वर्षांनी तेच दांपत्य त्याच चौथ्या मजल्यावर होते, मुले दुसरीकडे होती, आणि भाजी आणायला उतरणे हा दिवसाचा मोठा उद्योग झाला होता. वाड्यातल्या म्हाताऱ्याला वरचा मजला सोडून खाली येता येत होते. फ्लॅटमध्ये खाली येण्यासाठी घरच विकावे लागते. जिने रुंद आणि उजेडाचे झाले, कठडाही आला, पण एकाच बाजूला. ज्याचा दुसरा हात अधू आहे त्याला तो चढताना मिळतो आणि उतरताना मिळत नाही.

घराच्या आत बदल त्याहून खोलवर झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत बर्मा शेलने सिलिंडरचा गॅस आणला आणि पुढच्या तीन-चार दशकांत तो गावोगाव पोचला. चूल आणि स्टोव्हची जागा उभ्याच्या ओट्याने घेतली. गुडघेदुखीच्या बायकांना ओटा वरदान ठरला, तसेच पदर पेटण्याचे भयही कमी झाले. ओट्याच्या वर आणि खाली फडताळे आल्यामुळे मात्र डबे काढायला स्टुलावर चढणे सुरू झाले. पलंग आला, खुर्ची आली, त्यामुळे उठणे सोपे झाले. जमीन पुष्कळदा बदलली : कोबा, मग कर्नाटकातल्या शहाबादहून येणारी फरशी, मग मोझॅक. स्वदेशीच्या चळवळीतून १९२२ मध्ये मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी सुरू झाली आणि सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स इथेच बनू लागल्या. शहाबादी खडबडीत, मोझॅक जरा गुळगुळीत, तरी ओल्या पायाला दोन्ही सोसत. १९९० नंतर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सची लाट आली. त्यांवर सांडलेले पाणी दिसतही नाही, विशेषतः मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला, आणि पाऊल पडल्यावरच ते कळते.

बाथरूमकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण घरात पडण्याचा विचार करताना पहिले नाव तिचेच निघते. मराठी घरात अंघोळ बादली-तांब्याची, म्हणून जमीन सदा ओली. न्हाणीघरातला पाट गेला आणि त्याच्या जागी नवे बैठे काही आले नाही. माणसे उभ्याने अंघोळ करू लागली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात दगडी पट्टी बसवतात, म्हणजे उंबरठा गेला असे वाटले तरी ठेच लागायची जागा राहिलीच. आणि तोल गेल्यावर हात कुठे जातो? टॉवेलच्या दांड्याकडे. हा दांडा दोन लहान स्क्रूंनी टाइलवर बसवलेला असतो, ओला टॉवेल पेलण्यापुरता. साठ किलोचा माणूस त्याला लोंबकळला की तो उखडतो आणि माणूस दांड्यासकट खाली येतो. नळ आणि वॉशबेसिनही असेच फसवतात. खरा आधाराचा दांडा जाड स्टीलचा असतो, हातात पूर्ण मूठ बसेल एवढ्या गोलाईचा, आणि तो विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत खोल खिळवावा लागतो. हलक्या पोकळ ब्लॉकच्या नव्या भिंतींत साधे स्क्रू धरत नाहीत. तिथे त्याच भिंतींसाठी बनवलेले खास अँकर लागतात. रबरी चकती दाबून चिकटवायचे दांडे बाजारात मिळतात, ते माणसाचे वजन पेलण्यासाठी विसंबण्याजोगे नाहीत.

संडासाची कथा याच्याच शेजारची. कमोड ब्रिटिशांच्या बंगल्यांतून, पारशी आणि ख्रिस्ती घरांतून हळूहळू मराठी फ्लॅटमध्ये आला. पुष्कळ वर्षे घरात एक इंडियन आणि एक इंग्लिश अशी वाटणी असे, आणि इंग्लिशवर बसायला जुनी माणसे नाखूश असत. पण गुडघ्यांनी निकाल लावला. ज्या घरात एकच इंडियन भांडे होते तिथे फोडाफोड न करता निघालेला उपाय म्हणजे कमोड खुर्ची : लोखंडी किंवा प्लॅस्टिकची, मधोमध भोक असलेली, भांड्यावर नेमकी बसेल अशी चौकट. सर्जिकल सामानाच्या दुकानात ती सहज मिळते. तिचे पाय ओल्या टाइलवर सरकू नयेत म्हणून रबरी टोपणे लागतात आणि ती झिजली की बदलावी लागतात. या साध्या वस्तूने कितीतरी माणसांना स्वतःच्या घरात स्वतःच्या पायावर राहू दिले आहे. अंघोळीसाठी प्लॅस्टिकचे स्टूल आले, म्हणजे पाट थोड्या उंचीवर परत आला.

पडण्याची एवढी धास्ती कशासाठी, याचे उत्तर खुब्याच्या हाडात आहे. पूर्वी उतारवयात खुबा मोडला की माणूस अंथरूण धरी. वजने बांधून महिनोन्महिने पडून राहणे, पाठीला जखमा, छातीत कफ, आणि बहुतेकदा त्यातच शेवट. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रिया करून हाड जोडणे किंवा सांधा बदलणे शहरांत सर्रास होऊ लागले आणि पुष्कळ जण पुन्हा चालू लागले. तरी पडणे ही लहान बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून मरतात, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीच्या पुढच्यांचे आहे.

दाराचा इतिहास जिन्याइतकाच महत्त्वाचा आहे. वाड्याचा मोठा दरवाजा रात्री अडसर घालून बंद होई, पण आत दहा-वीस माणसे असत. फ्लॅटचे दार दोनच माणसांवर बंद होते. पुण्यात १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने दहा जणांचे बळी घेतले, त्यांत राहत्या घरात मारले गेलेले वृद्धही होते. संध्याकाळ झाली की शहरातली दारे बंद होऊ लागली. पुढच्या काळात खिडक्यांना गज, दाराला साखळी, पाहायला काचेचे भोक, बाहेरून जाळीचे सेफ्टी डोअर, हे शहरी घराचे नेहमीचे अंग झाले. चोराला अडवणारी ही कडी मदतीला येणाऱ्यालाही अडवते. आत माणूस पडलेला आहे, शेजारी बाहेर उभे आहेत आणि सुतार बोलावून दार फोडावे लागते आहे, असे प्रसंग शहरांत घडत आले. म्हणून दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवण्याची रीत पडली. बाथरूमला आतून कडी न लावता दार नुसते लोटून घेणे, किंवा बाहेरून उघडता येईल असे कुलूप बसवणे, हेही त्यातूनच आले. दारावर लटकलेली दुधाची पिशवी आणि न उचललेले वर्तमानपत्र ही शेजाऱ्यांना धोक्याची खूण ठरली.

१९९० नंतर मुले पुण्या-मुंबईहून बंगळूरला, अमेरिकेला, युरोपला गेली आणि एकटे राहणे अपवादाचे उरले नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात साठीच्या पुढचे जवळपास ६ टक्के लोक पूर्ण एकटे राहत असल्याचे दिसले. जोडीदारासह पण मुलांशिवाय राहणारे वेगळेच.

यावर आधी लोकांनीच बांधणी केली. ज्येष्ठ नागरिक संघ गल्लोगल्ली निघाले आणि १९८० मध्ये त्यांचा राज्यव्यापी महासंघ, फेस्कॉम, उभा राहिला. सकाळी कट्ट्यावर जो आला नाही त्याच्या घरी कोणीतरी जाऊन येणे, हे या संघांचे न लिहिलेले काम, आणि ते व्याख्यानांपेक्षा मोलाचे आहे. कायदा नंतर आला. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुख्यतः पोटगीचा आणि मालमत्तेच्या संरक्षणाचा आहे. त्याखालच्या राज्याच्या २०१० च्या नियमांनी एकट्या वृद्धांची यादी ठेवणे आणि त्यांची विचारपूस करणे पोलीस ठाण्यांवर सोपवले. मुंबई पोलिसांची १०९० ही मदतवाहिनी वृद्धांच्या उपयोगाला आली, आणि २०२१ पासून १४५६७ हा क्रमांक देशभर चालू झाला.

बांधकामाच्या नियमांनी सर्वांत उशिरा दखल घेतली. राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० ची. तिच्या २०१६ च्या आवृत्तीत वृद्ध आणि अपंगांच्या सोयीसाठी सविस्तर परिशिष्ट आले. त्यात पायरीची उंची १५० मिलिमीटरपर्यंत आणि पाऊल ३०० मिलिमीटर अशी सुखाची मापे आहेत. त्याआधीच, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुण्यात परांजपे स्कीम्सने ‘अथश्री’ नावाने केवळ ज्येष्ठांसाठी वसाहती बांधायला घेतल्या होत्या : न घसरणाऱ्या टाइल्स, बाथरूममध्ये आधाराचे दांडे, हाकेला धावणारे कर्मचारी. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. चाकांची खुर्ची जाईल अशी लिफ्ट आणि दारे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारे यंत्र, न्हाणीघरात दांडे अशा गोष्टी त्यांत आहेत. ही तत्त्वे ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रकल्पांना लागू आहेत. बहुतेक वृद्ध मात्र जुन्याच इमारतीत राहतात, आणि तिथे निर्णय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत होतो. जिन्याला लागून बाहेरून लिफ्ट बसवता येते, तसे अनेक सोसायट्यांनी केलेही आहे. खर्चाच्या वाटणीवरून तळमजल्याचे आणि चौथ्या मजल्याचे सभासद समोरासमोर येतात, आणि ठराव वर्षानुवर्षे रेंगाळतो.

दुसरा मार्ग पुनर्विकासाचा. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी आता उंच मनोरे उभे राहत आहेत आणि २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या सामाईक संडासाच्या जागी घरातला संडास आला, मोरीच्या जागी बाथरूम, जिन्याच्या जागी लिफ्ट. बाथरूममधला आधाराचा दांडा ज्याचा त्याने बसवायचा आहे, आणि बंद दारांच्या मजल्यावर दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची हे तिथल्या कुटुंबांनी आपसांत ठरवायचे आहे.